रनिंगला बंद पडणारी, मधल्या रेसला गुदमरणारी मोटरसायकल: स्क्रूला हात लावण्याआधीची तपासणी

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की रनिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) बसतं आणि इंजिन बंद पडतं. कुणीतरी रनिंगचा स्क्रू दोन फेरे आवळून देतं. बंद पडायचं थांबतं, पण पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येऊ लागतो आणि ॲव्हरेज उतरतं. मधल्या रेसला झटके सुरू झाले की हवेचा स्क्रूही फिरवला जातो, मग जेट (पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी भाग) बदलला जातो. महिन्याभराने गाडी आणली जाते तेव्हा मूळ बिघाड एक असतो आणि त्यावर चढवलेले चार.

ही चूक इतकी सर्रास होते की तपासणीचा क्रमच नीट लिहून देणं गरजेचं आहे. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडणं हा या क्रमातला सातवा टप्पा आहे. स्क्रू फिरवणं त्याच्याही नंतर येतं.

इथली माहिती १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, कार्बोरेटर असलेल्या मोटरसायकलींसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाल्यावर जवळपास सगळ्या नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. त्यांना पेट्रोल, हवा, प्लग आणि व्हॉल्व्हचे टप्पे लागू पडतील, कार्बोरेटरचे नाही. इंजेक्शनच्या गाडीचं थ्रॉटल बॉडी या लेखावरून उघडू नका.

## तयारी

सामान फार लागत नाही, पण जे लागतं ते नीट हवं.

- स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर. कार्बोरेटरच्या वाटीचे (खाली पेट्रोल साठतं त्या भागाचे) स्क्रू मऊ असतात. सैल बसणाऱ्या ड्रायव्हरने एकदा घसरले की तोंड जातं.
- ८, १० आणि १२ चे पाने, प्लग पाना, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या).
- पारदर्शक काचेची बाटली, फूटभर पारदर्शक नळी.
- कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, सुती चिंधी, उजेडासाठी बॅटरी.
- इन्सुलेशन टेप आणि पेन.
- गाडीची पुस्तिका. प्लगची गॅप, व्हॉल्व्हची गॅप, रनिंगचा आकडा हे तिच्यातूनच घ्या. शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या गाडीला चालत नाहीत.

काम उघड्यावर करा. सोप्यात किंवा जिन्याखाली करणार असाल तर देव्हाऱ्यातला दिवा, उदबत्ती, गॅस आणि पाणी तापवायचा बंब हे सगळं आधी विझलेलं असू द्या. पेट्रोलची वाफ जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि दहा फुटांवरची ज्योतही तिला पुरते.

इशारा: व्हॉल्व्हची गॅप इंजिन पूर्ण थंड असताना बघायची असते आणि रनिंग पूर्ण तापल्यावर लावायचं असतं. दोन्ही एका बैठकीत करायचं असेल तर आदल्या रात्री गाडी बंद करून सकाळी सुरुवात करा.

## टप्पा १: बिघाड खरंच इंजिनाचा आहे का?

"गाडी ओढत नाही" ही तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीचा दोष इंजिनात नसतो. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. ते अर्ध्या-एक फेऱ्यात थांबत असेल तर ब्रेक धरतोय किंवा चेन जास्त ताणली आहे. टायरची हवा बघा. मग रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ३० च्या वेगात एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला पण वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट घसरताहेत आणि कार्बोरेटर कितीही साफ केला तरी काही होणार नाही.

क्लच केबलला खेळ ठेवलेला नसला तरी प्लेट घसरतात. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळा खेळ हवा.

## टप्पा २: बिघाड कोणत्या रेसला होतो ते टेपवर लिहा

या टप्प्याला दहा मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात. तरीही बहुतेक लोक नेमका हाच गाळतात.

एक्सलेटरच्या मुठीला टेप गुंडाळा. शेजारच्या स्विचच्या डबीवर एक उभी रेघ मारा. रेस पूर्ण बंद असताना त्या रेघेसमोर टेपवर एक खूण, पूर्ण उघडी असताना दुसरी खूण. मधल्या अंतराचे चार भाग पाडा. आता रस्त्यावर चालवताना झटका कोणत्या खुणेला बसतो ते नजरेने टिपता येतं.

कार्बोरेटरला तुमचा वेग कळत नाही, रेस किती उघडली एवढंच कळतं. "चाळीसला झटके देते" या वाक्यातून काहीच हाती लागत नाही, कारण चाळीसचा वेग पाव रेसला सपाटीवर मिळतो आणि पाऊण रेसला चढावर. "पाव ते अर्ध्या रेसला झटके देते" असं म्हटलं की थेट भागावर बोट ठेवता येतं.

- बंद ते एक अष्टमांश रेस: पायलट जेट (रनिंगचं पेट्रोल देणारा छोटा जेट), हवेचा स्क्रू आणि बायपासची बारीक भोकं.
- एक अष्टमांश ते पाव: स्लाइडचा (रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या झडपेचा) कापलेला भाग. इथे पायलट आणि सुई दोघांचंही काम चालू असतं, त्यामुळे या पट्ट्यातले दोष सगळ्यात जास्त फसवतात.
- पाव ते पाऊण: स्लाइडला लटकणारी सुई आणि तिची नळी. डायफ्रामचा (रबरी पडद्याचा) कार्बोरेटर असेल तर डायफ्रामही.
- पाऊण ते पूर्ण: मेन जेट आणि पेट्रोलचा पुरवठा.

आता दुसरी चाचणी. इंजिन तापलेलं असताना, ज्या रेसला बिघाड दिसतो तिथेच चोक (पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) थोडा ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. काहीच फरक पडला नाही, तर संशय प्लग, कॉइल आणि व्हॉल्व्हकडे न्या.

तपासा: रेसची खूण आणि चोकचा परिणाम, या दोन गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: पेट्रोल

आधी टाकीचं झाकण. त्यात हवा आत जायला बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल उतरतं तसं टाकीत निर्वात तयार होतो आणि पाच-दहा किलोमीटरनंतर गाडी गुदमरून बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते. बंद पडल्याक्षणी झाकण उघडा. 'फुस्स' आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली तर दोष सापडला.

मग पुरवठा. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉक उघडा आणि एक मिनिट मोजा. ६० च्या वेगाने लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी तासाला १.२ लिटर, म्हणजे मिनिटाला २० मिली पेट्रोल पिते. बाटलीत मिनिटाला १०० मिलीपेक्षा जास्त, अखंड धारेने आलं तर पुरवठा ठीक आहे. धार तुटत तुटत येत असेल तर कॉकची जाळी काढून धुवा. कॉक रिझर्व्हवर ठेवूनही एकदा बघा, कारण गाळ तिथून आधी येतो. कॉक व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन बंद असताना धार येणारच नाही, तो बिघाड समजू नका.

शेवटी कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. उजेडासमोर धरा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये जिथपर्यंत चढलं, त्या भागातल्या पाण्याखाली गेलेल्या कित्येक गाड्यांच्या टाक्या आतून गंजल्या. तांबूस चिखल दिसला तर नुसता कार्बोरेटर धुऊन उपयोग नाही. टाकी उतरवून साफ करावी लागेल, नाहीतर आठ दिवसांत पायलट जेट परत बुजेल.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, हे इथे लक्षात घ्या. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून राहतं आणि डोळ्यांना दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी दोन-तीन महिने उभी करू नका. उभी करायचीच असेल तर टाकी भरून ठेवा, कॉक बंद करा आणि वाटी रिकामी करा.

## टप्पा ४: हवा

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. निम्म्या अंतरावर तो उघडून बघा.

फिल्टर कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा, कारण उपचार वेगळे आहेत. कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर, हलक्या दाबाने हवा मारा. तेल लावलेला कागदी असेल, जो हाताला चिकट लागतो, तर त्याला हवा मारायची नाही आणि धुवायचाही नाही, बदलायचा. फोमचा असेल तर रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचा हात लावून नीट पिळून बसवा.

फिल्टर पूर्ण काढून "बघूया फरक पडतो का" ही चाचणी पुष्कळ जण करतात. ती दिशाभूल करते. फिल्टरचा अडथळा धरूनच जेट ठरवलेला असतो. तो काढला की हवा वाढते आणि चांगली गाडीही मधल्या रेसला अडखळते. शिवाय धूळ थेट पिस्टनवर जाते.

फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी डक्ट (हवेची जाड नळी) बोटाने दाबून, वाकवून बघा. चिरा वाकवल्यावरच दिसतात.

## टप्पा ५: ठिणगी

गाडी अर्ध्या रेसवर दहा मिनिटं चालवून आल्यावर, गार झाल्यावर, प्लग काढा. रनिंगवर बराच वेळ उभ्या गाडीचा प्लग काळा दिसणारच. त्यावरून निष्कर्ष काढू नका. टोकाचं पांढरं चिनीमातीचं नाक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बंद. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन तेल जाळतंय. ते काम रिंगांचं किंवा व्हॉल्व्ह सीलचं आहे, इथे थांबा. खडूसारखा पांढरा असेल तर हवा जास्त आहे.

गॅप पुस्तिकेप्रमाणे लावा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना ती ०.६ ते ०.८ मिमीच्या दरम्यान असते. प्लग जुना असेल तर घासत बसण्यापेक्षा त्याच क्रमांकाचा नवा घाला. नवा प्लग हाताने पूर्ण बसवून मग पान्याने अर्धा फेरा, जुना परत बसवत असाल तर फेऱ्याचा आठवा भाग पुरतो.

त्यानंतर प्लगची टोपी. ती पिरगळून वायरपासून सोडवा. वायरचं टोक हिरवट पडलं असेल तर ५ मिमी कापून नव्या तांब्यावर टोपी फिरवून बसवा. रात्री अंधारात गाडी चालू करून वायरकडे बघा. निळसर ठिणग्या इंजिनावर उड्या मारताना दिसल्या तर वायर किंवा टोपी गेली. हा दोष रनिंगला दिसत नाही. अर्ध्या रेसला भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला गॅप ओलांडणं जड जातं आणि ती सोपी वाट शोधते. म्हणून तो हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखा भासतो.

इशारा: प्लगची टोपी मोकळी लोंबत ठेवून किक मारू नका. प्लग टोपीत घालून त्याची बॉडी इंजिनाला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. नाहीतर सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो, आणि भोकातून उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते.

## टप्पा ६: व्हॉल्व्हची गॅप आणि चोरून येणारी हवा

थंड असताना एका किकला सुरू होणारी आणि तापल्यावर सिग्नलला बंद पडणारी गाडी असेल तर व्हॉल्व्ह आधी बघा. गॅप घट्ट झाली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) वाजत नाहीत म्हणून सगळं ठीक, असं मानून लोक इथे फसतात. वाजणारा टॅपेट निदान तक्रार करतो, घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

प्लग काढा, गाडी शेवटच्या गिअरला घाला आणि मागचं चाक पुढच्या दिशेने हळू फिरवा. मॅग्नेटवरची (इंजिनाच्या बाजूच्या फिरत्या चाकावरची) टी खूण बॉडीवरच्या खुणेसमोर आणा. जवळच एफ खूणही असते. ती ठिणगीची आहे, तिच्यावर गॅप लावू नका. टी जुळल्यावर व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. गॅप पुस्तिकेप्रमाणे, बहुधा ०.०५ ते ०.१० मिमीच्या आत. फिलरची पट्टी ओढताना लोण्यातून सुरी काढावी इतका हलका विरोध जाणवला पाहिजे. लॉक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना गॅप सरकते.

आता कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला सांधा. रेस सोडली तरी रनिंग लगेच खाली न येता तरंगत राहतं, मग एकदम बसतं, ही चोरून येणाऱ्या हवेची खूण. गाडी रनिंगवर ठेवून स्प्रेच्या बाटलीने साबणाचं पाणी इन्सुलेटरच्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडतुकड्याच्या) दोन्ही बाजूंना मारा. आवाज बदलला की गळती तिथेच. हीच चाचणी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रेने करायचा प्रघात आहे, पण गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असताना तो जुगार खेळू नका.

गळतीचं नेहमीचं कारण विचित्र वाटेल: कार्बोरेटरचे दोन नट जास्त आवळले जातात. ॲल्युमिनियमची पट्टी दोन्ही कानांकडे वाकते आणि मध्यभागी फट पडते. आवळावं तितकी फट वाढत जाते. कार्बोरेटर काढून त्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरा आणि मागून बॅटरी लावा. मध्ये उजेडाची चीर दिसली तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, थेंबभर तेल टाकून, तोंड आठच्या आकड्यात घासत सपाट करा. भुकटी पूर्ण धुवा, ओ-रिंग नवी घाला, आणि या वेळी नट आलटून पालटून, मनगटाच्या जोरानेच आवळा.

रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येत असेल तर सायलेन्सरच्या तोंडाचं पॅकिंग आणि सेकंडरी एअर व्हॉल्व्हची (सायलेन्सरच्या वाटेत ताजी हवा सोडणाऱ्या झडपेची) रबरी नळी बघा. दोन्ही ठीक असतील तरच पायलटकडे वळा.

## टप्पा ७: कार्बोरेटर उघडणं

इथवर बिघाड सापडला नसेल तरच.

गाडीवरून काढण्याआधी सगळ्या नळ्यांचा फोटो घ्या. हवेचा स्क्रू हलकेच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजा आणि लिहा. हलकेच म्हणजे दोन बोटांनी. टेकल्यावर आणखी आवळलं तर त्याचं सुईसारखं टोक भोकात रुतून तुटतं आणि कार्बोरेटर भंगारात जातो. मग स्क्रू पूर्ण काढा. त्याच्यासोबत स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग याच क्रमाने बाहेर येते. बऱ्याचदा ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर चढवली जाते. बॅटरी लावून भोकात डोकावा.

पायलट जेट. याच्या भोकाचा व्यास ०.३५ ते ०.४० मिमीच्या आसपास असतो, म्हणजे सुताच्या धाग्याएवढा. जेट काढून आकाशाकडे धरा. स्वच्छ जेटमधून पूर्ण गोल, कडा रेखीव असलेला प्रकाशाचा ठिपका दिसतो. ठिपका चंद्रकोरीसारखा किंवा धूसर दिसत असेल तर आत पेट्रोलचा वार्निश जमला आहे, भले फुंकर आरपार जात असो. क्लीनरमध्ये अर्धा तास भिजवा आणि हवा मारा. नाहीच निघालं तर लवचिक वायरीतली तांब्याची एकच तार काढून हळू फिरवा. शिवणाची सुई, टाचणी किंवा स्टीलची तार वापरू नका. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं तरी रनिंगला कायम पेट्रोल जास्त येतं आणि तो दोष मग कुठल्याही स्क्रूने जात नाही. काही कार्बोरेटरमध्ये पायलट जेट ठोकून बसवलेला असतो. तो उपटायचा प्रयत्न करू नका, क्लीनर आणि हवेनेच साफ करा.

जेट साफ झाला म्हणजे वाट साफ झाली असं नाही. हवेच्या स्क्रूच्या भोकात क्लीनरची नळी घालून दाबा आणि इंजिनाकडच्या तोंडात बघा. रेसच्या झडपेच्या कडेपाशी असलेल्या बारीक भोकांतून प्रत्येकी धार उडाली पाहिजे. एकातूनही आली नाही, तर रनिंग ठीक आणि रेस देताक्षणी खड्डा (ताकद क्षणभर जाणं), अशी तक्रार राहणार.

इशारा: हवा किंवा क्लीनर मारण्याआधी फ्लोट, फ्लोटची सुई, सगळ्या ओ-रिंगा आणि डायफ्राम काढून बाजूला ठेवा. क्लीनरने रबर फुगतं. फुगलेला डायफ्राम परत खाचेत बसत नाही.

सुई आणि नळी. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप खालच्या खाचेत नेली की सुई वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. वरच्या खाचेत नेली की कमी होतं. एका वेळी एकच खाच. खूप चाललेल्या गाडीत सुई नळीवर घासून दोन्ही झिजतात, नळीचं भोक लांबट होतं आणि मधल्या रेसला गाडी जड, काळ्या धुराची होते. तेव्हा क्लिप वर नेऊन झाकपाक करण्यापेक्षा सुई आणि नळी जोडीने बदला.

स्लाइड. केबलने थेट उचलली जाणारी स्लाइड बसवताना कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. बसवल्यावर रेस देऊन सोडा. 'टक' असा आवाज येऊन ती तळाला टेकली पाहिजे. हा आवाज ऐकल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

डायफ्राम. युनिकॉर्न, पल्सर १५० यांसारख्या गाड्यांत स्लाइड हवेच्या दाबाने उचलली जाते. तो रबरी पडदा उजेडासमोर ताणून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी पाव रेसनंतर मेल्यासारखी होते: आवाज येतो, वेग येत नाही. पडद्याच्या कडेची चिमटीएवढी जीभ तिच्या खाचेत बसवा, झाकण लावताना कड चिमटली जाऊ देऊ नका. नंतर बोटाने स्लाइड उचलून सोडा. ती मऊपणे, हळू खाली यायला हवी.

फ्लोट. कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर बदला. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला. सगळं जोडल्यावर पारदर्शक नळी ड्रेनच्या तोंडाला लावून वाटीशेजारी उभी धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. नळीतली पातळी वाटीच्या सांध्याच्या किंचित खाली थांबली पाहिजे. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पातळी उंच असेल तर सगळ्याच रेसला पेट्रोल जास्त येतं, आणि हा दोष लोक तीन वेगवेगळे जेट बदलून शोधत राहतात.

वाटीच्या श्वासाच्या नळ्यांतही फुंकून बघा. उभ्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते.

बाजारातल्या स्वस्त रिपेअर किटबद्दल एवढंच: गॅस्केट आणि ओ-रिंगा वापरा, पण जेट आणि सुई बदलण्याआधी जुन्यांवरचे आकडे नव्यांशी ताडून बघा आणि गाडी नीट चालेपर्यंत जुने भाग फेकू नका.

## टप्पा ८: रनिंग लावणं

आता स्क्रू फिरवायची वेळ आली. आधी केबलला २ ते ६ मिमी खेळ आहे का बघा. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वळवल्यावर रेस चढत असेल तर केबल ताणली जातेय. ते आधी सोडवा.

1. हवेचा स्क्रू मोजलेल्या जुन्या जागी ठेवा. जुनी जागा माहीत नसेल तर दीड ते दोन फेरे बाहेर.
2. गाडी दहा मिनिटं चालवून पूर्ण तापवा. चोक पूर्ण बंद आहे याची खात्री करा.
3. रनिंगच्या स्क्रूने रेस पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. या वर्गातल्या पुष्कळ मोटरसायकलींना तो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. मीटर नसेल तर प्लगच्या वायरला तार गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो.
4. हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. रनिंग जिथे सगळ्यात वर आणि एकसारखं चढतं ती जागा शोधा.
5. रनिंगच्या स्क्रूने रेस पुन्हा खाली आणा.
6. चौथी आणि पाचवी पायरी आणखी एकदा.

स्क्रू कोणत्या बाजूला आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो. एअर फिल्टरकडे असेल तर तो हवा ठरवतो: आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाकडे असेल तर तो मिश्रण ठरवतो: सैल केला की पेट्रोल वाढतं. दुसऱ्या गाडीवर शिकलेली दिशा डोळे झाकून वापरल्यामुळे कित्येक गाड्या बिघडतात.

चांगली जागा एक फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या बाहेर सापडत असेल तर सेटिंग जमलं असं समजू नका. पायलट जेट बंद आहे, त्याचं भोक मोठं झालंय किंवा कुठून तरी हवा येतेय. सहाव्या टप्प्यापासून पुन्हा तपासत या.

जुन्या गाडीला सध्याच्या पेट्रोलवर आधीपेक्षा पाव फेरा जास्त पेट्रोल लागलं तर घाबरू नका. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून मिश्रण थोडं पातळ पडतं.

## टप्पा ९: चढावर तपासणी

रिकाम्या स्टँडवर रेस देऊन मधल्या रेसचा दोष कधीच कळत नाही. भार हवा. केर्लीहून जोतिबाचा चढ त्यासाठी चांगला आहे, सकाळी लवकर, रविवार आणि पौर्णिमा टाळून. टेप मुठीवर तशीच ठेवा. तिसऱ्या गिअरला पाव रेसवर चढायला लागा, मग अर्धी, मग पाऊण. प्रत्येक खुणेवर पाच-सहा सेकंद थांबा. चढताना कुठल्याही खुणेवर खड्डा, झटका किंवा भसाभस आवाज येऊ नये.

पन्हाळ्यावर गाडी किंचित सुस्त वाटली म्हणून जेट बदलू नका. गड कोल्हापुरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीने हवा चारेक टक्के विरळ होते आणि ताकद तितकी उतरणारच. खाली आल्यावर गाडी पूर्ववत झाली तर तिला काही झालेलं नाही.

दोष एखाद्याच खुणेवर उरला असेल तर टप्पा २ मधली चोकची चाचणी त्याच खुणेवर पुन्हा करा आणि फक्त तोच भाग उघडा. एका फेरीत एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कळत नाही. बिघडली तर अजूनच कळत नाही.

घरी आल्यावर गाडी रनिंगवर एक मिनिट उभी ठेवा, मग हेडलाइट लावून आणखी एक मिनिट. न डगमगता चालली तर मुठीवरची टेप काढा आणि हवेच्या स्क्रूचे फेरे, क्लिपची खाच आणि आजचे किलोमीटर पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला ते पान आधी दाखवा.